चालता येतं, म्हणून चालतच राहायचं?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ४३. सहा वर्षांपूर्वी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं, म्हणजे एमएसचं निदान झालं. घरात आणि ऑफिसात त्या चालतात, लांब जायचं असेल तर काठी घेतात. ऊन लागलं किंवा दमल्या की उजवा पाय ओढला जातो. येत्या सुट्टीत नणंदेच्या कुटुंबासोबत तीन दिवस एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरतंय. एकूण आठ माणसं, त्यात यांचा ११ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी. नवरा बोलता बोलता म्हणाला, "तिथे तुझ्यासाठी व्हीलचेअर घेऊ." त्यावरून घरात मोठं भांडण झालं. "मला चालता येतं," त्या लिहितात, "चालता येत असताना खुर्चीत बसणं म्हणजे आजारापुढे हात टेकणं. आणि राइडपाशी मी खुर्चीतून उठून उभी राहिले की लोक म्हणणार, नाटक करतेय बाई." त्यात नणंद हसत हसत म्हणाली, "बरंय की वहिनी, तुझ्यामुळे आम्हालाही रांग लागणार नाही!" हे त्यांना चक्क लबाडीसारखं वाटतंय. त्यांनी स्वतःच एक तोडगा काढलाय: तिन्ही दिवस आपण हॉटेलवर पुस्तक वाचत बसायचं, बाकीच्यांनी मजा करायची. नवरा म्हणतो, मग रद्दच करू. आणि धाकटी रोज विचारते, "आई, तू कुठल्या कुठल्या राइडमध्ये माझ्या शेजारी बसणार?"

नमस्कार,

तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यात मुलांना काय हवंय ते आहे, नवऱ्याला काय वाटतं ते आहे, नणंद काय म्हणाली ते आहे, अनोळखी लोक काय म्हणतील तेही आहे. एकच गोष्ट मला दोनदा वाचूनही सापडली नाही. तुम्हाला स्वतःला तिथे जावंसं वाटतंय का?

हे मी खोचकपणे विचारत नाहीये. गर्दी, कर्कश संगीत, पोटात गोळा आणणारे पाळणे यांचा मनापासून कंटाळा असणारी धडधाकट माणसं पुष्कळ असतात. (मी त्यातलीच.) तुम्हालाही तसंच वाटत असेल तर हॉटेलवर पुस्तक वाचणं ही झकास सुट्टी आहे, कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. पण पत्रावरून तसं वाटत नाही. तुम्ही हॉटेल निवडलंय ते तिथे बसायला आवडेल म्हणून नाही, तर पार्कात तुमची 'अडचण' होऊ नये म्हणून. यातलं पहिलं कारण असेल तर पुढचं काही वाचूच नका. दुसरं असेल तर थोडं बोलू.

सुरुवात 'मला चालता येतं' या वाक्यापासून करू. ते खरं आहे, पण अर्धवट आहे. किती चालता येतं? कशावर, कुठल्या हवेत, आणि त्यानंतर काय करण्याइतकं त्राण उरतं? मोठ्या थीम पार्कात सकाळपासून रात्रीपर्यंत फिरलं तर आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. पार्किंगपासून प्रवेशद्वारापर्यंतचं अंतर कुणी धरतच नाही, आणि तेच संध्याकाळी परतताना जीव काढतं. त्याहून वाईट म्हणजे उभं राहणं. चालताना निदान पाय हलत असतात, रांगेत दोन पावलं पुढे आणि दहा मिनिटं थांब, असा प्रकार असतो. टेकायला कठडाही नसतो कधीकधी. तुमचं घरातलं आणि ऑफिसातलं चालणं हे खुर्ची, भिंत, टेबल हाताशी असतानाचं चालणं आहे. त्यावरून पार्कातला अंदाज बांधू नका.

चालण्याचं तुमचं एक रोजचं भांडवल आहे असं धरा. ते पार्किंगच्या डांबरावर खर्च करायचं, की मुलीसोबत एखाद्या गुहेत हात धरून फिरताना? व्हीलचेअर नाकारली तर चालणं वाचत नाही, ते फक्त चुकीच्या जागी संपतं. दुपारी दोन वाजता बाकावर बसून 'तुम्ही जा पुढे' म्हणणारी आई, किंवा सकाळी खुर्चीत बसून आलेली आणि दुपारी दोनला उठून मुलीबरोबर राइडमध्ये चढणारी आई, अशी ही निवड आहे. यातली हात टेकलेली कोणती, ते तुम्हीच ठरवा.

व्हीलचेअर वापरणाऱ्या कितीतरी माणसांना थोडंफार चालता येतं. ते त्यांच्यात अगदी सर्वसाधारण मानलं जातं. आपल्या डोक्यात मात्र चित्र एकच असतं: जो कधीच उठू शकत नाही, त्याचीच खुर्ची. आणि गंमत अशी की आज आपण बघतो ती घडीची, गाडीच्या डिकीत मावणारी व्हीलचेअर जन्माला आली तीच मुळी बाहेर हिंडण्याच्या हट्टातून. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक अमेरिकन खाण-अभियंता खाणीतल्या अपघातात जायबंदी झाले. तेव्हाच्या खुर्च्या धूड होत्या, मोटारीत मावत नसत. त्यांनी आपला अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज याच्या मदतीने १९३३ मध्ये नळ्यांची, मधोमध दुमडणारी हलकी खुर्ची बनवली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बसवून ठेवण्यासाठी ती केलेली नव्हती. गाडी काढून निघता यावं म्हणून केलेली होती.

आता 'नाटक करतेय' म्हणणारे. ते भेटतील का? एखादा भेटेल. भुवया उंचावेल, 'चमत्कार झाला!' असा पांचट विनोदही करेल. हे होणारच नाही अशी खोटी हमी मी देत नाही. पण त्या दिवशी तिथे हजारो माणसं असतील आणि प्रत्येकाचं लक्ष आपलं मूल हरवू नये याच्यावर असेल. एक वाक्य घरूनच पाठ करून जा: "मला थोडं चालता येतं, फार वेळ उभं राहता येत नाही." एवढंच. आजाराचं नाव सांगायचं नाही, रिपोर्ट दाखवायचे नाहीत. हे वाक्य मुलालाही शिकवा. अकरा वर्षांच्या मुलाला आईकडे कुणी रोखून पाहिलं की फार लागतं, आणि काय बोलायचं ते माहीत नसलं की तो आईवरच चिडतो. न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं असलेली गळ्यातली फीत मिळते. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली, आता काही पार्कांतले कर्मचारीही ती ओळखतात. तिने कुठला हक्क मिळत नाही, पण 'हिला जरा वेळ द्या' हे न बोलता कळतं. खुर्ची बाजूला ठेवून काठीवर चालत असाल त्या वेळेला उपयोगी.

नवऱ्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे, आणि नाहीही. सूचना बरोबर होती, सांगण्याची रीत चुकली. 'घेऊ' असं परस्पर ठरवून टाकलं की माणसाला सामानासारखं वाटतं. मला ते कळतं, कारण घोट्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा एका विमानतळावर मदतनीसाने माझी खुर्ची ढकलत नेली आणि भिंतीकडे तोंड करून लावून तो निघून गेला. वीस मिनिटं मी एका अग्निशामक नळकांड्याचा अभ्यास करत बसले होते. खुर्चीचा त्रास नव्हता. आपण कुठे बघायचं हे दुसऱ्याने ठरवलं, त्याचा होता. तेव्हा नवऱ्याला नियम आधीच सांगून ठेवा: विचारल्याशिवाय ढकलायचं नाही, थांबलं की ब्रेक लावायचे, आणि मला कशाकडे तोंड करून बसायचंय ते मी सांगणार. मुलांना ढकलायची हौस येईल. सपाट, मोकळ्या जागी पाच मिनिटं द्या, उतारावर अजिबात नाही.

खुर्ची कोणती, हाही प्रश्न आहे, कारण 'व्हीलचेअर घेऊ' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. चारही चाकं छोटी असलेली ढकलखुर्ची हलकी असते, पण ती बसणाऱ्याला स्वतः चालवताच येत नाही, तुम्ही सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती. मोठ्या चाकांची साधी व्हीलचेअर स्वतःही चालवता येते, पण तुमचे हात लवकर दमत असतील तर दिवसभर नाही, आणि तीन दिवस ढकलणाऱ्या नवऱ्याच्या पाठीचाही विचार करा. तिसरी, बॅटरीवरची स्कूटर. कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे तुमच्या हातात राहतं, आणि तुमच्या पत्रातला सूर पाहता मला वाटतं हीच तुम्हाला मानवेल. मात्र गर्दीत ती चालवणं हे कौशल्याचं काम आहे. लोक फोनमध्ये बघत समोर येतात, लहान मुलं बरोबर चाकाच्या उंचीवर असतात. वेग कासवाचा ठेवायचा, वळताना त्याहून कमी. बोटांना मुंग्या येत असतील किंवा नजर धूसर होत असेल तर त्या वेळी स्कूटर नको, हेही स्वतःशी स्पष्ट असू द्या.

बऱ्याच पार्कांत खुर्च्या आणि स्कूटर भाड्याने मिळतात, पण आधी राखून ठेवता येत नाहीत. जो आधी येईल त्याला. गर्दीच्या दिवशी स्कूटर सकाळीच संपतात. शिवाय पार्कातली खुर्ची पार्काच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे हॉटेल ते प्रवेशद्वार हे अंतर पुन्हा तुमच्याच पायांवर. म्हणून बाहेरच्या भाडेवाल्याकडून हॉटेलवरच मागवणं किंवा घरून नेणं जास्त सोयीचं पडतं. स्कूटर घरून विमानाने न्यायची असेल तर बॅटरी कोणत्या प्रकारची आणि किती क्षमतेची हे विमान कंपनीला आधी कळवावं लागतं.

यातलं काहीही पहिल्यांदा पार्कात करू नका. सहलीच्या बऱ्याच आधी एक खुर्ची आणा आणि अर्धा दिवस कुठल्यातरी गर्दीच्या ठिकाणी जा, प्रदर्शन म्हणा, मोठं दुकान म्हणा. पहिल्यांदा बसल्यावर रडू येईल कदाचित. ते तिथे येऊन जाऊ द्या.

रांगेच्या लबाडीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्याची मला कदर आहे, पण तुमची माहिती जुनी आहे. बहुतेक मोठ्या पार्कांत आता कुणी रांग 'तोडत' नाही. समजा राइडला ५० मिनिटांची रांग आहे, तर अपंग पाहुण्यांच्या पासवर तुम्हाला साधारण ५० मिनिटांनंतरची वेळ मिळते. तेवढा वेळ तुम्ही रांगेत उभं राहण्याऐवजी सावलीत, बसून, स्वच्छतागृहाजवळ काढता. काही ठिकाणी उलटं असतं, राइड आधी घ्या आणि मग तेवढाच वेळ दुसरी घेता येत नाही. थांबणं चुकत नाहीच, फक्त थांबण्याची जागा बदलते.

हे असं होण्यामागे खरोखरीची लबाडी आहे, आणि ती तुमच्यासारख्यांची नाही. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत पूर्वी एक मदतपत्र मिळायचं, ज्यावर कित्येकदा लगेच आत सोडत. २०१३ मध्ये बातम्या आल्या की काही श्रीमंत कुटुंबं रांग टाळण्यासाठी अपंग व्यक्तींना चक्क 'गाइड' म्हणून भाड्याने घेतायत. त्याच वर्षी ते पत्र बंद होऊन वेळ देणारी नवी पद्धत आली. २०२४ मध्ये ती आणखी आक्रसली. आता तिथे ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशाच विकासात्मक अडचणींमुळे रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. चालण्याची अडचण असलेल्यांना सांगितलं जातं की रांगा व्हीलचेअर जाण्याइतक्या रुंद आहेत, खुर्चीत बसून त्याच रांगेने या. यावर बरीच नाराजी झाली, आणि ती मला रास्त वाटते. कारण खुर्चीने उभं राहण्याचा प्रश्न सुटतो, बाकीचे नाही.

बाकीचे म्हणजे कोणते, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण एमएस असलेल्या अनेकांना अचानक लघवीची घाई होते. तुम्हाला होत नसेल तर सोडून द्या. होत असेल तर पत्रात लिहायला संकोच वाटणं समजू शकते, पार्कात सांगायला संकोच करू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला निदानाचं नाव ऐकून काही कळत नाही, गरज ऐकून कळतं. 'मला एमएस आहे' याऐवजी 'मला उन्हात पंधरा मिनिटांहून जास्त थांबता येत नाही आणि कधीकधी रांग सोडून लगेच स्वच्छतागृहात जावं लागतं' असं सांगा. रांगेतून बाहेर पडून पुन्हा आपल्या माणसांपाशी येण्याची सोय अशा वेळी करून देतात, पण ती मागावी लागते. कुठल्या पार्कात काय मागतात तेही वेगळं असतं. डिस्नेलँड पॅरिसमध्ये कागदोपत्री पुरावा लागतो. युनिव्हर्सल आणि सिक्स फ्लॅग्जसारख्या अमेरिकन पार्कांत आयबीसीसीईएस या संस्थेचं अपंग पाहुण्यांसाठीचं कार्ड आधी ऑनलाइन काढून न्यावं लागतं, आणि ते आदल्या रात्री काढून चालत नाही. तेव्हा तिकिटं काढण्याआधी तुमच्या पार्काच्या वेबसाइटवरचं अपंग पाहुण्यांसाठीचं पान वाचा आणि डॉक्टरांकडून एक साधं पत्र घेऊन ठेवा, ज्यात आजाराच्या वर्णनापेक्षा तुम्हाला काय जमत नाही ते लिहिलेलं असेल. नियम दर वर्षी बदलतात. कुणाच्या तरी मावशीने तीन वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकून जाऊ नका.

आणि नणंदबाईंना कळवून टाका की अशा पासवर बहुधा तीन-चार माणसंच सोबत येऊ शकतात. आठ नाही. त्यांची रांग त्यांनाच लागणार आहे! त्या वाईट हेतूने बोलल्या असं मला वाटत नाही, अवघडलेपणावर माणसं विनोद करतात. पण यातून एक चांगली गोष्ट निघते. आठ जणांनी तीन दिवस एकत्र फिरलंच पाहिजे हा नियम कुणी केला? दोन कुटुंबांनी आपापलं फिरावं, जेवायला एका ठिकाणी भेटावं. आठ माणसांच्या घोळक्यात सगळ्यात हळू चालणाऱ्यावर नेहमीच दडपण येतं, मग ते दमलेलं मूल असो की तुम्ही.

आता उन्हाबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या सहलीचा खरा निकाल व्हीलचेअरवर नाही, उन्हावर लागणार आहे. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं की काही रुग्णांना व्यायामानंतर तात्पुरतं अंधुक दिसतं. पुढे कळलं की कारण व्यायाम नसून वाढलेलं तापमान आहे. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण ठिकठिकाणी खराब झालेलं असतं, आणि अशा तंतूंमधून जाणारा संदेश शरीर किंचित तापलं तरी अडखळतो. अर्धा अंश सुद्धा पुरतो. एमआरआय नव्हता त्या काळात निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत असत! तुमचा पाय उन्हात ओढला जातो तो यामुळे. तुमची जिद्द कमी पडली म्हणून नाही, आणि दात-ओठ खाऊन चालत राहिलात तर चालण्याने शरीर आणखी तापतं, मग पाय आणखी ओढतो. जिद्दीचा इथे उलटा परिणाम होतो.

दिलासा असा की हा नवा बिघाड नसतो. अंग थंड झालं की लक्षणं ओसरतात. म्हणून सगळा दिवस थंडाव्याभोवती बांधा. दरवाजे उघडताच आत शिरा, ऊन चढायच्या आत मोकळ्यावरच्या दोन-तीन राइड उरका. अकरा ते चार हे वेळापत्रकातून काढूनच टाका: वातानुकूलित नाट्यगृहातला खेळ, बंदिस्त राइड, नाहीतर सरळ हॉटेलवर जाऊन झोप. संध्याकाळी पुन्हा या, दिवे लागल्यावर पार्क तसाही जास्त देखणा दिसतो. ओला रुमाल मानेवर, गार पाण्याची बाटली, आणि जमलं तर गारव्याचं जाकीट, ज्याच्या कप्प्यांत बर्फाच्या थैल्या बसतात. मोठ्या पार्कांतल्या प्रथमोपचार केंद्रात आडवं व्हायला खाट मिळते, इंजेक्शनसारखी औषधं फ्रिजमध्ये ठेवूनही देतात. पोहोचल्यावर ते केंद्र कुठे आहे हे आधी बघून ठेवा, राइड नंतर. अंग गार होऊनही लक्षणं ओसरली नाहीत, एका दिवसाहून जास्त टिकली किंवा काही अगदी नवं जाणवलं, तर ते उन्हाचं आहे असं समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना फोन करा.

बघा, तुमचा 'हॉटेलवर पुस्तक' हा तोडगा मी पूर्ण मोडीत काढलेला नाही. तीन दिवसांचे मिळून सहा अर्धे दिवस होतात. त्यातले तीन पार्कात, तीन हॉटेलवर, असं केलंत तरी सहल झकास होईल. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या उत्साहात वाहून जाऊन पूर्ण दिवस काढू नका, दुसरा दिवस त्याची वसुली करतो. मधला दिवस निम्म्याहून जास्त विश्रांतीचा ठेवा. त्या वेळात नवरा मुलाला घेऊन मोठ्या रोलर कोस्टरवर जाईल, तुम्ही दोघी पोहण्याच्या तलावाकाठी बसाल. थंड पाणी तुम्हाला मानवतंच.

राहिल्या राइड. इथे पार्कवाले 'नाही' म्हणाले तर तो अपमान समजू नका, पण कारण विचारा. कारणं बहुतेक दोन असतात. एक, सुरक्षेचा दांडा सगळ्यांना सारखा धरून ठेवत नाही, झटक्याच्या वेळी हातापायांनी स्वतःला सावरता यावं लागतं. दुसरं, राइड मध्येच बंद पडली तर उंचावरून अरुंद जिन्याने किंवा शिडीने उतरावं लागतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारायचा हुकमी प्रश्न हाच: "ही मध्येच थांबली तर खाली कसं यायचं?" तुमच्याबाबत दुसरा मुद्दा महत्त्वाचा, कारण चढताना पाय बरा असेल आणि अर्धा तास उन्हात अडकल्यावर नसेल. काही बोटींत आणि डब्यांत व्हीलचेअरसकट जाता येतं. काही ठिकाणी खुर्चीतून सीटवर सरकावं लागतं, आणि त्यात सगळी मेख सीटच्या उंचीत असते. खोलगट बोटीत बसणं सोपं, उठणं महाकठीण. मोठ्या राइडच्या बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असते, तिथे आधी बसून-उठून बघा. पार्कातले कर्मचारी सहसा उचलून बसवत नाहीत, तेव्हा आधार देणारं माणूस तुमचंच हवं. जोरदार झटके, गरगर फिरणारे प्रकार यांबद्दल तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला थेट राइडची नावं सांगून विचारा. 'सांभाळून करा' या उत्तरावर समाधान मानू नका.

आणि कित्येक पार्कांत पाळीपाळीने बसण्याची सोय असते. नवरा आणि मुलगा रांग लावून राइड घेतात, तोवर तुम्ही उंचीत न बसणाऱ्या धाकटीसोबत बाहेर. मग दुसऱ्या मोठ्या माणसाला पुन्हा रांग न लावता सोडतात. तुम्हाला बसायचं नसेल तर तो फेरा नणंदेला द्या, मुलगा आनंदाने दुसऱ्यांदा जाईल.

सगळं वाचून 'एवढा खटाटोप माझ्या एकटीसाठी' असं मनात आलं असेल तर एक गोष्ट सांगते. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात गॉर्डन हार्टमन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने २०१० मध्ये एक थीम पार्क उघडला. सुट्टीत एका तरणतलावात त्यांच्या अपंग मुलीला इतर मुलांशी खेळायचं होतं, आणि ती मुलं पाण्यातून निघून गेली. त्यातून ही कल्पना निघाली. तिथला झोपाळा, तिथला फिरता घोडापाळणा व्हीलचेअरसकट घेतो. २०१७ मध्ये शेजारीच जलक्रीडेचं पार्क झालं, तिथे पाण्यात बॅटरी चालत नाही म्हणून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्हीलचेअर ठेवल्यात. अपंग पाहुण्यांना तिकीट नाही. तिथे जा असं मी म्हणत नाहीये. म्हणणं एवढंच की तेच पाय, तीच माणसं, आणि तिथे 'अडचण' कुणाचीच होत नाही. इतर पार्कांत जी खटपट करावी लागते तिचं खापर तुमच्या पायावर फोडण्यापेक्षा पायऱ्यांवर आणि सीटच्या उंचीवर फोडलेलं बरं.

तुमच्या हातात आता काही आठवडे आहेत. खुर्ची आणून सराव, डॉक्टरांची भेट, कार्डाचे सोपस्कार, हे सगळं त्यात बसतं. सराव करून, सगळं जमवूनही नको वाटलं तर तेव्हा नको म्हणा, तो नकार मग घाबरून दिलेला नसेल. खुर्ची घेताना सीटची रुंदी आणि पाय ठेवायची पट्टी तुमच्या मापाची आहे ना ते बघा. आणि हँडलवर जड पिशव्या लटकवू नका, तुम्ही उठलात की खुर्ची मागे कलंडते. सगळ्यांचं सामान आपोआप तुमच्या मांडीवर येऊ लागेल, तेही पहिल्याच दिवशी बंद करा.

आज रात्री मात्र धाकटीला घेऊन बसा. पार्काच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडपुढे छोटी चित्रं असतात: खुर्चीसकट चालेल, सरकून बसावं लागेल, पायऱ्या आहेत. दोघींनी मिळून यादी करा. तिच्या नावापुढे खूण, तुमच्या नावापुढे खूण. दोन्ही खुणा असलेल्या पाच-सहा तरी निघतीलच. त्यातली एक अशी असू द्या, जी तुम्हाला स्वतःला बघायची आहे. ती कोणती ते तिला कारणासकट सांगा.